त्यांचे पदक काचेत, आपले पदक भंगारात

युद्धातल्या जुन्या वस्तू आणि बागकामाची जुनी हत्यारे जपणे हा साहेब लोकांचा आणि सरदार घराण्यांचा छंद आहे, असे आपल्या चळवळीतील बहुतेकांना वाटते. पदके, बिल्ले, पलटणीचे फोटो, फुलांच्या प्रदर्शनातील चषक, जुन्या बागांचे नकाशे हे ज्यांच्याकडे रिकामा वेळ आणि रिकामी खोली आहे त्यांनी सांभाळावे. आपल्याला शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी आणि आरक्षणाच्या लढाईतून सवड कुठे, असा प्रश्न कार्यकर्ते आम्हाला विचारतात.

आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. रणांगणावर आणि बागेत राबलेला माणूस मोठ्या प्रमाणावर आपला होता, पण त्याच्या नावाची नोंद बहुतेक ठिकाणी झाली नाही. जिथे झाली तिथला कागद आता आपणच रद्दीत देत आहोत. हा कागद गेला की जातपडताळणी अडते, वतनाच्या जमिनीवरचा दावा लंगडा पडतो आणि उद्या कोणीही उठून ‘तुमचे पूर्वज तिथे नव्हतेच’ असे म्हणू शकतो. म्हणून जुन्या वस्तू जपण्याचा प्रश्न आमच्या दृष्टीने हक्काचा आहे.

करंजाड्यातील पेट्या

पनवेलजवळचे करंजाडे हे सिडकोने वसवलेले उपनगर. इथे दोन प्रकारची माणसे आली. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठवली गेली, त्यातील कुटुंबे वडघर, वहाळ, करंजाडे परिसरातील भूखंडांवर आली. दुसरी आपली बौद्ध कुटुंबे. महाड, माणगाव, खेड, दापोली, मंडणगड इथून निघून मुंबईच्या चाळीत दोन पिढ्या काढून ती इथल्या वन रूम किचनमध्ये आली. या कुटुंबांसोबत एक लोखंडी पेटी हमखास येते. आजोबांची, पणजोबांची. नव्या घरात दिवाण येतो, फ्रिज येतो, पेटीला जागा उरत नाही. मग पेटी आधी गॅलरीत जाते, तिथून जिन्याखाली आणि शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर.

पेटीत काय असते? पलटणीतून सुटल्याचा दाखला, पेन्शनचे पुस्तक, एखादे पदक, वतनाची सनद किंवा फेरफाराची नक्कल, ऑर्डनन्स डेपोचा पास. त्याच पेटीच्या तळाशी खुरपे, कोयता आणि कलमे बांधायची सुरी. कारण पलटणीतून परत आलेला माणूस गावी पेन्शनवर बसून राहिला नाही. कोणाच्या तरी आंब्याच्या वाडीत तो राबला, नाहीतर मुंबईत एखाद्या बंगल्यावर माळी म्हणून उभा राहिला.

भंगारवाला पदकाकडे धातू म्हणून बघतो. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असते, म्हणून त्याला वजनावर भाव मिळतो. पण त्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? एका गरीब माणसाचे नाव सरकारने धातूवर कोरून दिल्याचा बहुधा तो एकमेव पुरावा असतो आणि आपण तो तोळ्यावर विकतो.

याच पदकाची आणखी एक गोष्ट. लढाऊ सैनिकांना ते चांदीचे मिळाले. मजूर पलटणीतील भारतीय, चिनी आणि माल्टीज माणसांना तेच पदक काशाचे मिळाले. चित्र एकच, धातू वेगळा. वर्णव्यवस्था फक्त मनुस्मृतीत नसते, साम्राज्याच्या टाकसाळीतही असते. तुमच्या पेटीत तांबूस-काळपट पदक असेल तर ते नकली समजून फेकू नका. तुमच्या पणजोबाने बंदूक न उचलता ओझे उचलले, असे ते पदक सांगते.

दगडावर कोणाचे नाव

पहिल्या महायुद्धात भारतातून भरती झालेल्यांत सुमारे ५ लाख ६३ हजार माणसे बिनलढाऊ होती. पाणी देणारे भिस्ती, खेचरे हाकणारे, डोलीवाले, स्वयंपाकी, मोतद्दार, सफाईवाले. फौजेच्या भाषेत हे ‘फॉलोअर’, म्हणजे मागून चालणारे. लष्कराच्या या उतरंडीत सगळ्यात खाली सफाईवाला होता आणि तो कोणत्या जातींतून येत होता हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

मेल्यानंतर तरी समता मिळाली का? पुण्याजवळ खडकीला युद्ध स्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक तिथे विसावले आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र दगड, कातरलेली हिरवळ, दगडाच्या पायाशी फुलझाडे. ही बाग सुंदर आहे यात वाद नाही. मृताच्या डोक्याशी फूल असावे हा विचारही मोठा आहे. पहिल्या महायुद्धानंतर ज्या आयोगाने जगभर अशा स्मशानभूमी उभारल्या, त्याने हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना समान वागणूक देण्याचे तत्त्व जाहीर केले होते.

आता इराकमधील बसरा इथले स्मारक घ्या. मेसोपोटेमियाच्या लढाईत मेलेल्यांसाठी ते बांधले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची नावेही कोरली. पण साध्या भारतीय शिपायाच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि पुढे मृतांचा आकडा एवढेच आले. खुद्द त्या आयोगाच्याच समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल देऊन कबूल केले की भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे नावानिशी स्मरण झालेच नाही. आयोगाने माफी मागितली. तत्त्व समतेचे होते, पण अंमल मात्र ‘या लोकांना नावाची गरज नाही’ असे ठरवणाऱ्यांच्या हाती होता. हे वाक्य आपल्याला ओळखीचे वाटले पाहिजे.

आपल्या गावांतही हेच आहे. कोकणात आणि देशावर अनेक गावांत संगमरवराची छोटी पाटी आढळते. या गावातून महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यातील इतके मेले. आकडा आहे, नावे नाहीत. त्या आकड्यात गावकुसाबाहेरचे किती, हे पाटी सांगत नाही. गावात विचारले तर पाटीवरचे सगळे शूर एकाच जातीचे होते असे सांगितले जाते, आणि आपल्याकडे खोडून काढायला कागद नसतो.

इंग्लंडमधील ब्रॉकनहर्स्ट गावच्या चर्चच्या आवारात सुखा नावाच्या माणसाची कबर आहे. तो उत्तर प्रदेशातील बरेलीकडचा, जखमी भारतीय सैनिकांच्या इस्पितळात सफाईचे काम करणारा. १९१५ च्या जानेवारीत तो न्यूमोनियाने गेला. तो अस्पृश्य म्हणून सवर्ण हिंदूंनी त्याला आपल्या स्मशानात दहन करू दिले नाही आणि तो मुसलमान नाही म्हणून त्यांच्या दफनभूमीतही जागा मिळाली नाही, असे तिथे सांगितले जाते. शेवटी चर्चच्या पाद्र्याने जागा दिली आणि गावकऱ्यांनी पैसे काढून दगड उभारला. सात समुद्र ओलांडूनही जात सोबत गेली. आपल्याला आज सुखा माहीत आहे याचे कारण एकच, कोणीतरी त्याच्या नावाचा दगड बसवला.

बाग कोणाच्या जमिनीवर

आता बागेकडे येऊ. पुण्याची एम्प्रेस गार्डन सगळ्यांना माहीत आहे. फुलांचे प्रदर्शन भरते, वर्तमानपत्रांत फोटो येतात. ही बाग आधी ‘सोल्जर्स गार्डन’ होती, गोऱ्या सैनिकांच्या विरंगुळ्यासाठी. पुढे व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाली आणि बागेचे नाव बदलले. राणीचे नाव राहिले, सोल्जरचेही इतिहासात राहिले. ज्यांनी खड्डे खणले, पखालीने पाणी घातले, त्यांची नावे कुठे आहेत? बागेचा इतिहास म्हणजे रोपे कोणी आणली आणि फीत कोणी कापली याचाच इतिहास, असे ठरवणारी दृष्टी ब्राह्मणी आहे, मग लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. श्रम ज्याचे त्याची नोंद नाही आणि नोंद ज्याची त्याचे श्रम नाहीत, हीच जातिव्यवस्थेची हिशेबवही आहे.

ज्यांना हे केवळ भावनिक वाटते त्यांनी मुंढव्याचे प्रकरण आठवावे. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे ४० एकर जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार राज्यभर गाजला. ती जमीन कोणती? महार वतनाची. आणि वापरात कोणाच्या? भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या, भाडेपट्ट्याने. म्हणजे आपल्या वतनावर सरकारी बाग उभी होती. पुढे मूळ वतनदारांच्या वारसांच्या मुखत्यारपत्रांच्या आधारे ती जमीन विकली गेली, आणि आरडाओरडा झाल्यावर व्यवहार रद्द करण्याची भाषा सुरू झाली. या सगळ्या गदारोळात वारसांचे म्हणणे काय, हा प्रश्न कितीजणांनी विचारला?

कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. त्यानंतर या जमिनी अटींसह पुन्हा देण्याची तरतूद झाली, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरावर बंधन आले. पण आपल्या आजोबांना सनदीवरचे मोडी वाचता येत नव्हते आणि आपल्याला ती सनद पेटीतून बाहेर काढायची सवड नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, कारण वतन ही गुलामगिरीची बेडी आहे हे त्यांनी ओळखले होते. बेडी तुटली ते बरे झाले. पण बेडीसोबत जमीनही गेली आणि ती कशी गेली याचा कागद आपण उंदरांच्या हवाली केला.

आपले पूर्वज कागद जपणारे होते

आपल्या राजकारणाची सुरुवातच लष्करी कागदांतून झाली हे विसरू नका. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झाले, दापोलीत राहिले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये सरकारला अर्ज लिहिला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तशीच मागणी विलायतेपर्यंत पोहोचवली. या अर्जांचा आधार काय होता? आमच्या माणसांनी तुमच्या फौजेत चाकरी केली, हुद्दे मिळवले, त्याची दप्तरे तुमच्याचकडे आहेत. पुराव्यावर बोट ठेवून हक्क मागण्याची पद्धत आपल्याला या निवृत्त सैनिकांनी शिकवली. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली गेली. गरज असली की भरती, गरज सरली की अस्पृश्य. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

त्या स्तंभावर ४९ नावे आहेत, त्यातील २२ ‘नाक’ प्रत्ययाची. दर वर्षी कोणीतरी त्या लढाईचा अर्थ बदलायला निघतो. त्याला दगडावरची नावे मात्र खोडता येत नाहीत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले ते याच नावांसाठी. पण एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. आपण लाखोंच्या संख्येने १ जानेवारीला स्तंभापुढे नतमस्तक होतो, सेल्फी काढतो, निळा फेटा बांधतो. आणि त्याच महिन्यात घराची रंगरंगोटी करताना आजोबांची पेटी भंगारात घालतो. स्तंभावरच्या २२ जणांचा अभिमान आणि घरातल्या तेविसाव्याचा विसर, याला इतिहासाचे भान म्हणत नाहीत. याला जत्रा म्हणतात.

दुसऱ्यांनी करून दाखवले

लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या भरतीची पंजाबातील गावनिहाय रजिस्टरे अनेक दशके दुर्लक्षित पडून होती. सुमारे ३ लाख २० हजार माणसांची नावे. ब्रिटनमधील पंजाबी लोकांच्या एका वारसा संस्थेने तिथल्या विद्यापीठाला सोबत घेऊन ती संगणकावर आणायला सुरुवात केली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात त्यातील नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. लोक आपल्या गावाचे नाव टाकून पणजोबांना शोधू लागले. सरकारची वाट कोणी पाहिली नाही.

आपल्याकडेही उदाहरण आहे. बाबासाहेबांचा टाइपरायटर, कपडे, रोजच्या वापरातील वस्तू नागपूरजवळच्या चिचोलीत शांतिवनात आहेत. त्या कोणी वाचवल्या? दिल्लीत नानकचंद रत्तू यांनी सांभाळल्या आणि वामनराव गोडबोले यांनी त्यांना घर दिले. दोन साध्या कार्यकर्त्यांनी हे केले नसते तर आज आपण कशापुढे उभे राहिलो असतो? ७ जुलै २०२० ला राजगृहावर हल्ला झाला, कुंड्या फोडल्या, झाडांची नासधूस केली, तेव्हा आपण राज्यभर संतापलो, ते योग्यच होते. बाबासाहेबांच्या अंगणातील कुंडीलाही किंमत आहे हे आपल्याला त्या दिवशी समजले. मग आपल्या आजीच्या खुरप्याला किंमत नाही, हे कोणी ठरवले?

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप: इंग्रजांची चाकरी केली, त्याचा अभिमान कसला? अभिमानाचा आग्रह आम्ही धरतच नाही. गावात सावली पडली तरी विटाळ मानला जात होता, तेव्हा फौजेत पगार मिळाला, पोरांना शाळा मिळाली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, त्या शाळेशिवाय बाबासाहेबांच्या घरात पुस्तके कुठून आली असती? साम्राज्याने आपल्याला वापरले आणि आपण साम्राज्याला वापरले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही कागदावर आहेत.

दुसरा आक्षेप: आपण बुद्धाचे अनुयायी, युद्धाच्या वस्तू कशाला? देहूरोडचे उत्तर ऐका. तिथल्या लष्करी डेपोत आपली माणसे राबली. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दारूगोळ्याच्या गोदामाशेजारी विहार उभा राहिला. तो डेपोचा पास जपला नाही तर हा प्रवास पुढच्या पिढीला कसा समजेल? वस्तूंची पूजा करायची नाही, त्यांना हार घालायचे नाहीत, उदबत्ती लावायची नाही. त्यांची नोंद करायची.

तिसरा आक्षेप: पोटाचे प्रश्न आधी. बरोबर. मग हे ऐका. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. करंजाड्यातील पोर महाडच्या तहसीलात खेटे घालते, शाळेचे जुने रजिस्टर मिळत नाही, आजोबा शाळेतच गेले नव्हते. पण ते पलटणीत होते. फौजेच्या जुन्या दाखल्यावर गाव, तालुका आणि जात लिहिलेली असायची. असा सरकारी नोकरीचा कागद पडताळणीत मोलाचा ठरतो. तो कागद मागच्या दिवाळीत भंगारात गेला असेल तर इंजिनिअरिंगची सीट कशाने वाचवणार? हा पोटाचाच प्रश्न आहे.

या वर्षावासात करायचे काम

सरकारी पुराभिलेखागारावर हक्क सांगितलाच पाहिजे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर इथली दप्तरे आपल्याही कराच्या पैशांवर उभी आहेत. आपल्या एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या पोरांनी तिथे जाऊन वतनाची, भरतीची, बागखात्याच्या मजुरांची कागदपत्रे मागावीत, मोडी शिकावी. पण तोवर घरचे काम थांबवू नका. आषाढी ते अश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचनाला लोक जमतात. तेव्हाच प्रत्येक विहाराने, बौद्धजन पंचायत समितीच्या प्रत्येक शाखेने एक नोंदवही सुरू करावी.

त्यात काय असावे? वस्तू कोणाची, पूर्ण नाव, मूळ गाव, पलटण किंवा कामाचे ठिकाण, माहिती कोणी दिली, तारीख. पदकाचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो. कागदाचे प्रत्येक पानाचे फोटो, मागचे कोरे पानसुद्धा, कारण तिथे शिक्का असतो. मूळ वस्तू घरातच राहू द्या, कोणत्याही पुढाऱ्याच्या किंवा संस्थेच्या ताब्यात देऊ नका. नोंदवहीची एक प्रत विहारात, एक मूळ गावच्या शाखेत. पदकाला पॉलिश मारू नका, घासून अक्षरे जातात. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात गुंडाळा, ओलीपासून दूर ठेवा.

आणि बाईचे नाव लिहा. युद्धाच्या वस्तूंमध्ये ती दिसत नाही, म्हणून बागेची हत्यारे महत्त्वाची. नवरा बसऱ्याला असताना वाडीत कोणी पाणी घातले, रोपवाटिकेत रोजंदारीवर निंदणी कोणी केली, तिला मजुरी किती मिळाली? आज नवी मुंबईच्या चौकाचौकांतील हिरवळ कंत्राटी बायका-माणसे राखतात. त्यांची नावे फक्त ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात आणि ठेका संपला की हजेरीपटही जातो. त्यांच्या पगाराच्या पावत्या, ओळखपत्रे यांची नोंद आजच करा. पी.एफ.च्या दाव्यात ती उद्या लागेल आणि इतिहासात परवा.

येत्या १ जानेवारीला कोरेगावला जाताना प्रत्येक शाखेने आपल्या नोंदवहीची प्रत सोबत न्यावी आणि शेजारच्या गावच्या कार्यकर्त्याला दाखवावी. किती नावे जमली ते एकमेकांना विचारावे. ज्याची वही कोरी असेल त्याने घोषणा जरा कमी द्याव्यात आणि घरी परतल्यावर आधी पेटी उघडावी.

जयभीम! जय संविधान!